आत्याची कोकणी, तिची मंगोलियन आणि मधलं दूध

"धरा रे तिका! माझ्या झिलाच्या पाठसून पांढरां कायतां शिंपडता बघा ती!"

आत्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून ओरडत होती. ओरडत होती हा शब्द तसा कमीच पडतो. त्या आवाजाने पाचूबंदरचा मासळीचा लिलाव मध्येच थांबला असणार आणि वसईच्या किल्ल्याच्या तटातली वटवाघळं भर सकाळी उडाली असणार. मी एका पायात चप्पल घालून जिना उतरलो. दुसरी चप्पल बायकोने घातली होती आणि ती माझ्या मागे होती.

खाली पार्किंगमध्ये बघतो तर रिक्षा गेटातून बाहेर पडून स्टेशनकडे वळत होती. रिक्षात माझा आतेभाऊ, आत्याचा एकुलता एक झील. आणि रिक्षाच्या मागे ती मुलगी उभी, एका हातात आमच्याच ओट्यावरचं दुधाचं पातेलं, दुसऱ्या हातात लाकडी चमचा. चमचा दुधात बुडवायचा आणि रिक्षाच्या दिशेने झटकायचा. शांतपणे, घाई न करता, जशी एखादी बाई तुळशीला पाणी घालते तशी. रिक्षा दिसेनाशी झाली तरी तिचं चाललंच होतं. शेवटचे थेंब सेक्रेटरींच्या गाडीच्या काचेवर गेले, आणि सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदाच सेक्रेटरी काही बोलले नाहीत. आत्यापुढे बोलतो कोण.

आता ही मुलगी कोण ते सांगतो. आतेभाऊ मंगोलियात एका तांब्याच्या खाणीवर यंत्रं दुरुस्त करतो. त्याच खाणीवर ही मुलगी डंपर चालवते. तिच्या डंपरचं एक चाक आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत येतं असं मी सोसायटीत सांगितलं होतं. आतेभावाने नंतर ते पहिल्या मजल्यावर आणलं, पण तोवर लोकांच्या मनात ते तिसऱ्यावरच पक्कं बसलं होतं. तर डंपर बिघडला, ह्याने दुरुस्त केला, पुन्हा बिघडला, पुन्हा दुरुस्त केला. असं करता करता एक दिवस ती सुट्टीत त्याच्याबरोबर वसईत आमच्या दारात उभी. लग्न करायचं म्हणतात. पण आतेभावाने आईला शब्द दिला होता की तू हो म्हणालीस तरच. मुलीलाही त्याने तसंच सांगून ठेवलं होतं. म्हणजे सगळा कारभार आत्याच्या एका होकारावर येऊन अडला.

आत्या आमच्याकडेच राहते. तिचं गाव सावंतवाडीच्या पलीकडे, जिथून पुढे गोवा सुरू होतो की मागे कोकण संपतं हे तिथल्या लोकांनाही नक्की सांगता येत नाही. तिच्या भाषेला कोणी कोकणी म्हणतं, कोणी मालवणी. आत्याला विचारलं तर म्हणते, "आमी बोलतो ती." त्या भाषेतला शब्द चालवून घ्यायचा असेल तर आधी आत्याची परवानगी लागते.

होकार आत्या स्वतःच्या जिवावर देणारी नव्हती. तिने मुलाला गावाला पाठवलं, ग्रामदेवतेचा कौल घ्यायला. तिकडची पद्धत अशी की गुरव देवाच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो आणि सगळे श्वास रोखून उभे राहतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. त्या सकाळी आतेभाऊ निघाला तो ह्याच कामाला. आणि मागून ह्या मुलीने दूध शिंपडलं.

आत्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. करणी.

तसा संशय आठवडाभर आधीपासूनच शिजत होता. पहिल्या दिवशी मी आतेभावाला आणि तिला पाचूबंदरला नेलं, कारण पाहुण्याला दाखवण्यासारखं आमच्याकडे तेवढंच. तिथल्या बाया टोपल्या पुढे सरकवून ओरडत होत्या. मुलगी खुशीत होती. पण घरी आल्यावर तिने माशाच्या आमटीला हात लावला नाही. आत्याने आतेभावाकडे बघितलं.

"शाकाहारी आसा काय?"

"नाय गे आये. तिच्याकडे मासो खायत नाय. मटण खातत. घोड्याचां पण खातत."

आत्या थोडा वेळ भातावर आमटी ओतायचीच विसरली. मग म्हणाली, "घोडो खाता आणि बांगडो नको?" त्या दिवसापासून तिने मुलीच्या ताटाकडे बघायचं सोडलं आणि हाताकडे बघायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी मुलीने स्वतःचा चहा केला आणि त्यात मीठ घातलं. त्यांच्याकडे तसाच पितात. आत्याने एक घोट घेऊन बघितला, तोंड फिरवलं आणि माझ्या कानात सांगितलं, "पेजेचां पानी." शत्रूच्या घरचं पाणी प्यायल्याचा भाव चेहऱ्यावर घेऊन ती तासभर फिरत होती.

पण खरा संशय भाषेचा. मुलगी रोज संध्याकाळी फोनवर आपल्या आईशी बोलायची. आत्या देवापुढे दिवा लावून हॉलमध्ये बसायची आणि ऐकायची. एक अक्षर कळायचं नाही, पण मान मात्र वकिलासारखी हलायची.

"काय बोलता रे ती?"

"आत्या, मला काय माहीत?"

"तू शिकलेलो ना? आयक आणि सांग."

मग मला गॅलरीत वर्तमानपत्र घेऊन बसवण्यात आलं. असं बसायचं की बसलोय असं वाटू नये. तीन संध्याकाळी मी तेच पान वाचत होतो. पण मीही काही कमी नाही. मी मंगोलियन शिकलो. म्हणजे शिकलो असं आत्याला सांगितलं. जे काय जमलं ते इथे लिहून ठेवतो, कारण असा तौलनिक अभ्यास वसई तालुक्यात ह्याआधी कोणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

कोकणी नाकातून निघते. होडीतून होडीला मारलेल्या हाकेसारखी ती लांबते, वर जाते, खाली येते, आणि समोरच्याने उत्तर दिलं नाही तर तिथेच तरंगत राहते. मंगोलियन घशातून निघते. वाऱ्याच्या तोंडावर घोडा दौडवताना बोलावं तशी. बोलताना तोंड फारसं उघडत नाही, वारा आत जाऊ नये म्हणून. अर्धा शब्द श्वासात जातो आणि उरलेला कॉलरमध्ये. मुलगी आईशी बोलत असताना मला सारखं वाटायचं, शेजारच्या खोलीत कोणीतरी घोंगडी ओढतंय.

मंगोलियन शब्दातले स्वर म्हणे एकमेकांशी जुळवून घेतात. एक जाडा असेल तर सगळे जाडे, एक बारीक तर सगळे बारीक. आत्याच्या कोकणीत मात्र एका वाक्यातली दोन अक्षरं एकमेकांशी जुळवून घेत नाहीत. लिपीचं म्हणाल तर कोकणी जिथे गेली तिथल्या लिपीत राहिली. कुठे देवनागरी, कुठे रोमन, कुठे कानडी, भाडेकरू जातो त्या घराचा रंग घेतो तशी. मंगोलियन हल्ली रशियन अक्षरांत राहते, पण तिचं जुनं घर अजून शाबूत आहे. त्यात ओळी वरून खाली लोंबतात. मुलीने मला एका कागदावर दोन ओळी तशा लिहून दाखवल्या. तो कागद आत्याने ताईत समजून चिमट्याने उचलला.

सारखेपणाही सापडला. 'कुठे' ह्याला आत्या 'खंय' म्हणते. तिकडे 'खान' म्हणतात. आईला आतेभाऊ 'आये' म्हणतो, ती मुलगी 'एज'. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी. म्हणजे कोणीतरी आपल्याबद्दल बोलायला लागलं तर वाक्य संपेपर्यंत कळत नाही की शेवटी कौतुक येणार आहे की शिवी. संशयी माणसाला ह्यापेक्षा सोयीची भाषा नाही. हे सगळं मी आत्याला पुराव्यासकट सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे ती माझ्याबद्दलच बोलता."

बायको आतून म्हणाली, "अहो, तुम्हाला आत्यांची कोकणी तरी धड येते का?" मी तीन संध्याकाळींत पहिल्यांदा वर्तमानपत्राचं पान उलटलं.

तर अशा हवेत आतेभाऊ गावाला गेला आणि दूध शिंपडलं गेलं. आत्याने चमचा जप्त केला. अगदी साधा लाकडी चमचा नव्हता तो. पुढच्या बाजूला चौकोनी पाटी आणि तिच्यावर नऊ छोटे खळगे कोरलेले. तो मुलीच्या बॅगेतून आला होता, म्हणजे घरून निघतानाच आणला होता. आत्याने खळगे बोटाने मोजले, पुन्हा मोजले आणि चमचा पितळेच्या डब्यात बंद करून डब्यावर पाटा ठेवला. तो पाटा उचलायला एरवी मला बोलावतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी आतेभावाचा फोन आला. उजवा कौल. पाकळी अशी झटकन पडली की गुरवही दचकला. आतेभावाच्या आवाजात पेढे होते. मी स्पीकरवर ठेवला होता, मुलगीही ऐकत होती आणि सूर ऐकूनच तिला कळलं असावं. तिने दोन्ही हात तोंडावर धरले.

आत्या म्हणाली, "झटकन कशी पडली?"

"आये, देवान दिलो कौल."

"देवान न्हय. देवाक दुदान बांधल्यान तिना. असो कौल माका नको." आणि फोन ठेवला.

मुलीने माझ्याकडे बघितलं. होकार आला होता आणि गेलाही होता, हे तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं. ती आत गेली आणि बॅग पलंगावर उघडून त्यात कपडे घालायला लागली. बायको म्हणाली, "अहो, आता तुम्ही विचारा तिला नीट. तुमचं ते वर्तमानपत्र पुरे."

फोनमध्ये भाषांतर करणारी एक सोय असते. त्या सोयीला आत्याची भाषा येत नव्हती. म्हणून आत्याने कोकणीत विचारायचं, मी मराठी करून फोनला सांगायचं, फोन मंगोलियन बोलणार. मग मुलगी उत्तर देणार आणि फोन ते पुस्तकी मराठीत ऐकवणार, टोकन नंबर पुकारावा अशा आवाजात. जेवणाच्या टेबलावर फोन मधे ठेवला. एका बाजूला आत्या. दुसऱ्या बाजूला मुलगी, हातात घडी न घातलेला शर्ट.

"विचार तिका, दुदात काय होतां?"

फोन म्हणाला, "दुधात दूध होते."

"आणि शिंपडलां कित्याक?"

मुलगी बरंच बोलली. फोन थोडं बोलला. "माणूस लांबच्या प्रवासाला निघतो तेव्हा त्याची आई मागून दूध शिंपडते. त्याची वाट पांढरी राहते. तो परत येतो."

आत्या पुढे झुकली. "आवशीन शिंपडूचां? मग हिना कित्याक शिंपडलां?"

"आई वर राहिली. रिक्षा निघाली. नंतर आई ओरडत होती."

बायकोने हसू पदराआड लपवलं. पण आत्या हसण्याच्या पलीकडे गेली होती. तिला तिथे काहीतरी दुसरंच दिसलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "थंय कोण शिंपडता? खाणीर जाताना?"

"माझी आई. प्रत्येक वेळी."

आत्या खुर्चीत मागे रेलली. खाण, थंडी, दहा बाय दहाची खोली, हातचं जेवण नाही, ह्या सगळ्याची तिने इतकी वर्षं काळजी केली होती. पण तिथे कोणीतरी बाई हातात दूध घेऊन तिच्या मुलाच्या मागे उभी राहते, ही काळजी तिने केली नव्हती.

"म्हणजे थंयसर माझ्या झिलाक दुसरी आवस केल्यानी," ती म्हणाली. आवस म्हणजे आई.

हे मी फोनला सांगितलं नाही. मी सांगितलं की आत्या म्हणतात, इथे दूध पातळ येतं.

करणीचा संशय त्या दिवशी मागे पडला, पण त्याच्या जागी हा नवा आला आणि तो जास्त वाईट होता. करणीवर उतारा असतो. संध्याकाळी मुलगी आईशी बोलायला बसली तेव्हा आत्या उठली आणि सरळ जाऊन तिच्या हातातला फोन घेतला. पडद्यावर गोल चेहऱ्याची एक म्हातारी, मागे शेगडी, शेगडीवर मोठी कढई. दोघींनी एकमेकींना नीट न्याहाळलं, पोलीस ओळखपरेड करतात तसं.

आत्याने सुरुवात केली. "गे बाये, तो माझो झील. तेका जल्म मी दिलंय. दूध तू कित्याक शिंपडतंस?"

ती बाई बोलायला लागली. थांबली नाही. आत्याही थांबली नाही. एकीची नाकातून, एकीची घशातून, दोघी एकाच वेळी. वसईत अनेक भाषा ऐकल्यात मी. गिरीजच्या वाडीतल्या केळीवाल्या मावशी त्यांच्या घरच्या बोलीत आपल्या सुनेला झापतात तेव्हा तर मी मुद्दाम थांबून ऐकतो. पण असा सामना ऐकला नाही. मुलीने भाषांतर करायला तोंड उघडलं, तर पडद्यावरच्या आईने आणि इथून आत्याने एकदमच हात वर केला. नको म्हणून. शेवटी त्या बाईने कढईतून पळीभर काहीतरी वाडग्यात ओतलं आणि वाडगा पडद्यासमोर धरला. मीठ घातलेला चहा असणार.

आत्याने फोन परत दिला. मी विचारलं, काय म्हणाली? आत्या म्हणाली, "जाडी आसा पण."

आतेभाऊ परत आला. घरात चार दिवस कोणीच लग्नाचं नाव काढलं नाही. तो आईकडे बघायचा, आई चमच्याच्या डब्याकडे. मुलीची बॅग भरलेलीच होती. मग निघण्याचा दिवस आला. दोघं एकत्रच जाणार होते, विमानतळावर जायला टॅक्सी खाली उभी. होकार कुठेच नव्हता. आतेभावाने एकदा दारात "आये" म्हटलं. आत्या म्हणाली, "खाली चल."

खाली पार्किंगमध्ये आत्याने नारळ हातात घेतला आणि दोघांना समोर उभं केलं. तेव्हा मला कळलं, ही गाऱ्हाणं घालणार. देवापुढे गावाच्या वतीने मागणं मांडायचं, एका दमात, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, अशी ती चाल. हे काम पुरुष मानकऱ्यांचं. पण वसईत मानकरी कुठून आणायचा? मागे एकदा आत्याने माझ्याकडून करवून घेतलं होतं, पण मी अर्ध्यात 'वगैरे वगैरे' म्हणालो. त्यानंतर देव आणि मी दोघेही सुटलो.

"बा देवा म्हाराजा," आत्याने आवाज लावला. ह्या वेळी गॅलरीतला नव्हता. खालचा, लांब जाणारा. "आज ह्या परक्या भुईर उभी रवान तुका हाक मारतंय."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. बायको म्हणाली. वॉचमनही म्हणाला, त्याला काही विचारलं नसताना.

"माझो झील आणि ह्यां परमुलखाचां चेडू, दोगांय लांब जातत. वाटेत जी काय नजर, दृष्ट, इडापिडा आडवी येयत, ती बाजूक सार रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आणि आमच्या आवाजामागून एक चौथा आवाज आला. मुलीने डोळे मिटले होते, दोन्ही तळवे वर धरले होते, आणि आमचं संपलं की ती श्वासात काहीतरी म्हणत होती, ज्याच्या शेवटी 'बोल्तुगाइ' असं काहीसं यायचं. आतेभाऊ मला हळूच म्हणाला, त्यांच्याकडे म्हातारी माणसं असाच आशीर्वाद म्हणतात, लांबलचक, सुरात, आणि ऐकणाऱ्यांनी हे म्हणायचं असतं. तसंच होवो.

आत्याने एक डोळा उघडून तिच्याकडे बघितलं. संशयानेच. मग पुढे चालू.

"ह्या चेडवान जर त्या दुदात काय घातल्यान आसात, तर तां तिच्याकडेच परत जांव दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. मुलीनेही तिचं म्हटलं, मनापासून.

"आणि नसात घातल्यान, तर दोगांचो संसार सुखाचो कर, आणि पुढच्या खेपेक दोगांक एकत्र माझ्या दारात आण."

होकार ऐकताच आतेभाऊ आईच्या पायाशी वाकला आणि 'व्हय म्हाराजा' म्हणायचं राहून गेलं. मी त्याच्याही वाटचं म्हणालो, इतक्या जोरात की नारळ आत्याच्या हातातच तडकला असता.

ते टॅक्सीत बसले. मी बॅगा मागे टाकल्या, गेटापर्यंत गेलो, रस्त्यावरच्या गाड्या थांबवून टॅक्सीला वाट करून दिली, हे काम माझ्याशिवाय कोणाला जमत नाही. टॅक्सी वळली. मी मागे फिरलो तर आत्या लिफ्टकडे चालली होती, पदराखाली काहीतरी घट्ट धरलेलं, मान ताठ. आणि जिन्यापासून गेटापर्यंत जमिनीवर पांढरे थेंब. एका रेषेत, नऊ-नऊच्या झुपक्यांनी.

वर आलो. पाटा जागेवरून हलला होता. ओट्यावर रिकामं पातेलं, आणि पळ्यांच्या शेजारी तो लाकडी चमचा धुऊन उभा करून ठेवलेला, ओला. मुलगी तो विसरून गेली असं आत्या आजही म्हणते.

दोन तासांनी आतेभावाचा फोन आला, विमानतळाच्या दारातून. मागे गाड्यांचा आवाज. "आये, ती विचारता, आमच्या पाठसून दूध कोणी शिंपडलां काय?"

आत्याने चमचा थोडा आत सरकवला.

"सांडलां म्हणान सांग तिका."